जिन्यात गॅसचा वास, पण लेसर म्हणतो शून्य

खारीवाव
मंडळी, जरा मदत हवी आहे. आम्ही बडोद्याला दांडिया बाजाराच्या मागच्या अंगाला राहतो. जुना वाडा पाडून बांधलेली इमारत आहे. खाली दुकानं आणि वर सहा बिऱ्हाडं, सगळ्यांकडे नळाचा गॅस. गेले पंधरा दिवस सकाळी सहाला दूध आणायला खाली उतरलं की जिन्यात गॅसचा वास येतो. दहा वाजेपर्यंत तो जातो. दोनदा तक्रार केली. दुसऱ्या खेपेला एक पोरगा आला. त्याच्या हातात जाडजूड बॅटरीसारखं यंत्र होतं. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून त्याने ते भिंतींवर फिरवलं, भिंतीवर हिरवा ठिपका पळत होता. आकडा दहा-बारा. बाहेर गटाराच्या झाकणावर मारलं तर एकदम २८० झाला आणि लगेच खाली आला. पोरगा म्हणाला, "काका, जिन्यात तो झीरो ज छे," सही घेतली आणि गेला.

पाच मीटरवरून नुसता उजेड टाकून गॅस कळतो, यावर विश्वास ठेवायचा का? आणि दहा-बारा म्हणजे झीरो कसं? सोसायटीच्या सभेत एकाने तर सुचवलं की असं एक यंत्र आपणच विकत घेऊ. आईला कोविडनंतर वास येत नाही आणि दिवसभर ती एकटी घरी असते, म्हणून काळजी जास्त.

तिरपागडं
सही केलीत ना? मग गळती अधिकृतपणे बंद झाली. आता येतो तो वास अनधिकृत.

मांजलपूरची सुलभा
आधी एक सांगा, वास येतो तेव्हा जिन्यातला दिवा लावता का? लावत असाल तर आजपासून बंद. बटणाच्या ठिणगीनेसुद्धा पेट घेतो. मोबाईलही बाहेर रस्त्यावर जाऊन लावायचा. मुख्य दार उघडं टाकायचं आणि वरच्या सगळ्यांनी आपापल्या मीटरजवळची चावी बंद करायची.

यंत्राचं मला कळत नाही. आमच्याकडे साबणाचं पाणी. वाटीत चमचाभर भांड्यांचा साबण, थोडं पाणी, दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचं. फुगा आला की गळती. खर्च दोन रुपये.

खारीवाव
काकू, दिवा लावत होतो खरा. आजपासून बंद. साबणाचा प्रयोग आमच्या मजल्यावर केला, कुठेच फुगा नाही. पण पाइप इमारतीच्या मागच्या बाजूने वर चढतो, तिथे कबुतरांची जाळी आहे, हात पोचत नाही.

खवचट पुणेकर
बडोदेकरांकडे सगळंच जास्त. आमच्या सोसायटीत नळाचा गॅस येऊन मोजकी वर्षं झाली आणि तुम्ही त्याला लेसर मारताय.

मांजलपूरची सुलभा
अहो, मी लग्न होऊन आले तेव्हा बडोद्यात नळाचा गॅस होता. माहेरचे पाहुणे ओट्याखाली वाकून सिलिंडर शोधायचे. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, त्याच्या जोडीने गॅस आला आणि सत्तरच्या दशकात तो आमच्या चुलीपर्यंत पोचला. तुम्ही तेव्हा रॉकेलच्या रांगेत होतात.

लालबागचा जावई
काकू, थोडी दुरुस्ती. मुंबईत कोळशापासून केलेला गॅस नळाने एकोणिसाव्या शतकातच येत होता. लालबागला अजून गॅस कंपनी लेन आहे. जमिनीतून निघालेल्या गॅसच्या बाबतीत मात्र बडोद्याला मान.

पायी पायी
धागा आज पाहिला. माझं कामच हे. अकरा वर्षं गुजरातेत गॅसच्या लायनींवर चालतोय, त्यातली शेवटची सहा वर्षं त्याच 'बॅटरी'सकट. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या यंत्रातून दोन किरण निघतात. हिरवा ठिपका फक्त नेम धरायला. (तो डोळ्यात मारायचा नाही, पोरं गंमत म्हणून मारतात.) मोजणारा किरण दिसतच नाही. तो समोरच्या भिंतीवर, जमिनीवर, झाडावर आपटतो, इकडेतिकडे विखुरतो आणि त्यातला अगदी थोडासा परत यंत्राच्या भिंगात येतो. जाता-येता वाटेत मिथेन (नळाचा गॅस म्हणजे मुख्यतः हाच) असेल तर ठरावीक रंगाचा प्रकाश मिथेन खातो. किती खाल्ला ते यंत्र मोजतं. म्हणजे गॅस यंत्रापर्यंत यावा लागत नाही, आपला उजेड गॅसमधून आरपार जाऊन आला की झालं. साधारण ३० मीटरपर्यंत हे जमतं.

आता तुमचा दहा-बारा. हा आकडा नुसता पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) नाही, पीपीएम-मीटर आहे. म्हणजे गॅस किती दाट आहे गुणिले त्या दाट ढगाची जाडी किती. एक मीटर जाडीच्या ढगात १०० पीपीएम असलं तरी आकडा १००, आणि वीतभर का होईना, समजा १० सेंटीमीटरच्या ढगात १००० पीपीएम असलं तरी १००च. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. तुमच्या-माझ्या आजूबाजूच्या साध्या हवेत मिथेन जवळपास २ पीपीएम असतोच. तुम्ही म्हणता पाच मीटर. पाच दुणे दहा. तो पोरगा झीरो म्हणाला ते बोलायची पद्धत म्हणून, पण चूक नव्हता. जिन्यात त्या वेळी मिथेनची गळती नव्हती.

'त्या वेळी' आणि 'मिथेनची' हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. पोरगा किती वाजता आला होता?

खारीवाव
दुपारी साडेतीनला. तेव्हा वास नव्हताच.

पायी पायी
मग काय सापडणार, कपाळ? वास येतो सकाळी सहाला आणि तपासणी दुपारी. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावल्यासारखं झालं.

भौतिकवाला
पायी पायी यांनी छान सांगितलं. बडोद्याच्या विद्यापीठात मी हेच शिकवतो, त्यामुळे हात शिवशिवतायत.

प्रत्येक वायूला आवडीनिवडी असतात. मिथेनचा एक कार्बन आणि चार हायड्रोजन मिळून जे थरथरतात, त्यांना ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश चालतो. १६५३.७ नॅनोमीटरला मिथेनची एक बारीक रेघ आहे. केसाएवढी म्हणायचं, पण केस फार जाड झाला. डोळ्याला दिसणारा प्रकाश सातशेच्या आसपास संपतो, म्हणून हा किरण अदृश्य. यंत्रातल्या डायोड लेसरला दिलेला करंट किंचित कमीजास्त केला की त्याची तरंगलांबी किंचित सरकते. अशी ती त्या रेघेवरून सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे नेतात. रेघेवर असताना परत आलेला उजेड आणि रेघेच्या बाजूला असताना आलेला उजेड, या दोघांची तुलना करायची. भिंत काळी असो, शेवाळलेली असो, तिच्यामुळे दोन्ही उजेड सारखेच मंदावतात, त्यामुळे उत्तर बिघडत नाही. खरी हुशारी ती इथे आहे.

मिथेनची याहून कितीतरी ठळक रेघ ३.३ मायक्रॉनच्या आसपास आहे. पण १.६५ मायक्रॉनच्या (म्हणजे वरच्या १६५३.७ नॅनोमीटरच्याच) भागात टेलिफोनच्या फायबरसाठी तयार झालेले लेसर आणि प्रकाश टिपणारे तुकडे कामी येतात आणि ते थंड करायला मोठी यंत्रणा लागत नाही. म्हणून हातात धरायची यंत्रं इथे बसली.

ओली बाकरवडी
म्हणजे मोबाईल-इंटरनेटच्या केबलींनी गॅसवाल्यांचं भलं केलं?

भौतिकवाला
अगदी. जुना इतिहासही गमतीचा आहे. १८५९ साली जॉन टिंडल लंडनमध्ये वायूंमधून उष्णता आरपार जाते का, ते मोजत होता. ऑक्सिजन, नायट्रोजन, कशातच काही अडेना. मग प्रयोगशाळेत दिवे जाळायला येणारा कोळशाचा गॅसच त्याने नळीत भरला आणि काटा ढळला. त्या गॅसमध्ये मिथेन भरपूर. म्हणजे खारीवाव यांच्या जिन्यातल्या प्रयोगाचा पणजोबा तोच.

आणि आपल्याकडचं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कुमार पटेल. जन्म बारामती, १९३८. शिक्षण पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात. अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर केला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लेसरने हवेतला अगदी किंचित नायट्रिक ऑक्साइड पकडून दाखवला.

खवचट पुणेकर
आमच्या कॉलेजचे! नोंद घेतली जावी.

तिरपागडं
आडनाव पटेल, जन्म बारामती, कॉलेज पुणे. आम्ही बडोदेकर त्याच्या बरोब्बर उलट. आडनाव मराठी, जन्म बडोदा आणि भाजीवाल्याशी भांडताना गुजराती.

खगोलवेडी
अवांतर होतंय, पण मंगळावर क्युरिऑसिटी गाडीच्या पोटातही लेसरने मिथेन शोधणारं यंत्र आहे. आणि आपल्या मंगळयानावर मिथेन शोधायचं जे उपकरण होतं ते अहमदाबादच्या केंद्रात तयार झालेलं. त्यात लेसर नव्हता, मंगळावरून परतणारं ऊन वापरायचं होतं, पण रेघा त्याच, १.६५ मायक्रॉनच्या आसपासच्या.

तिरपागडं
मंगळावर गळती, दांडिया बाजारात शून्य.

इंदुरी पोहा
माझा अनुभव. आमच्याकडे सिलिंडर आहे. मागच्या वर्षी ऑनलाइन एक छोटं गॅस अलार्म मागवलं, प्लगमध्ये खोचायचं. पहिल्याच दिवशी मुलीने लग्नाला जायला केसांवर फवारा मारला आणि ते बोंबललं. मग माझ्या अत्तराने बोंबललं. मग पाहुण्यांच्या सॅनिटायझरने. शेवटी बायकोने ते काढून कपाटात ठेवलं. आता धागा वाचून वाटतंय, एकदाच हा लेसर घ्यावा आणि सुटावं.

पायी पायी
इंदुरी पोहा, थांबा, पैसे वाया जातील. प्लगमध्ये खोचायच्या स्वस्त यंत्रात तापलेला एक दाणा असतो. स्पिरिटची, अत्तराची, कसलीही जळणारी वाफ आली की तो चाळवतो. म्हणून ते सगळ्यावर ओरडतं. लेसर त्याच्या दुसऱ्या टोकाला. तो फक्त मिथेनला ओळखतो. तुमच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. सिलिंडर उघडा टाकून त्याच्यासमोर लेसर धरलात तरी तो शांत बसेल. आणि किंमत लाखाच्या वर.

ओरडणारं यंत्र कपाटातून काढा आणि परत लावा, पण अत्तराच्या कपाटाजवळ नको. सिलिंडर असेल तर यंत्र जमिनीपासून वीतभर वर. नळाचा गॅस असेल तर छताजवळ. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. नळाचा हलका, वर जातो.

इंदुरी पोहा
वाचलो. पैशाने आणि जिवाने.

मांजलपूरची सुलभा
खारीवाव, वास वरच्या मजल्यावर जास्त की खाली?

खारीवाव
खाली! शेवटच्या सात-आठ पायऱ्यांवर. तिसऱ्या मजल्यावर काहीच नाही. म्हणून आईला वास येत नसला तरी वर धोका कमी असं मनाला समजावत होतो.

पायी पायी
काकू, तुमचा प्रश्न लाख मोलाचा. नळाचा गॅस गळत असता तर जिना म्हणजे धुराडं, वर चढला असता.

भौतिकवाला
इतकं सरळ नाही हो. मिथेन हवेत एकदा मिसळला की वेगळा होऊन वर तरंगत बसत नाही. जमिनीखाली लाइन गळत असेल आणि पायातल्या फटीतून गॅस येत असेल तर वास खालीच जास्त येणार. शिवाय गटारावर २८० आलाय ना? तिकडे बघा की.

पायी पायी
सर, मुद्दा मान्य. जमिनीखालची गळती फार लबाड असते. पावसाळ्यात माती भिजून वरची वाट बंद झाली की गॅस पाइपाच्या कडेकडेने, फरशीखालून कुठल्या कुठे जाऊन निघतो. आम्ही रस्त्याच्या कडेचं गवतसुद्धा बघतो. सगळीकडे हिरवं आणि एकच ठिपका वाळलेला, की थांबायचं. मातीतला ऑक्सिजन गॅसने हुसकलेला असतो, मुळं गुदमरतात. रस्ता खोदणाऱ्यांचा फावडा पिवळ्या प्लास्टिक पाइपाला लागला तर ती गोष्ट वेगळी, ती लेसरशिवायच कळते, शिट्टी वाजते.

पण गटारावर २८० बघून मी लगेच धावणार नाही. घाण कुजली की मिथेन तयार होतोच आणि लेसरला गटाराचा मिथेन आणि कंपनीचा मिथेन यातला फरक कळत नाही. नाकाला कळतो. शुद्ध मिथेनला वासच नाही. आपल्याला जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. १९३७ साली टेक्सासात न्यू लंडन नावाच्या गावी शाळेखाली बिनवासाचा गॅस साचला आणि स्फोटात जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक पोरं. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले.

आणि हाच मर्कॅप्टनच्या कुळातला वास सिलिंडरच्या गॅसलाही देतात. खारीवाव, पुढचं बोलू का? खालची दुकानं कसली आहेत?

खारीवाव
एक शिलाईचं, एक मोबाईलचं, एक शेव उसळवाला. सगळे शटर रात्री बंद करून जातात.

तिरपागडं
अरे देवा. शेव उसळ.

ओली बाकरवडी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

खवचट पुणेकर
शेव उसळ म्हणजे मिसळीची गुजरातेत दिलेली मुलगी ना?

मांजलपूरची सुलभा
पुणेकर, पांढऱ्या वाटाण्याच्या उसळीत पाव बुडवून खा आणि मग बोला. विषय भरकटवू नका.

ग्वाल्हेरचा शिंदेशाही
मधेच एक शंका. गॅसने भरलेल्या खोलीत लेसर मारला तर त्यानेच पेटणार नाही का?

पायी पायी
नाही. काही मिलिवॅटचा किरण असतो, भिंतीवर ऊबही लागत नाही. शिवाय अशा जागी न्यायची यंत्रं तशी तपासून घेतलेली असतात. खरं तर याचा फायदाच तो आहे, आत न जाता तपासता येतं. एक प्रसंग सांगतो. दिवाळीची सुट्टी, एका बंद फ्लॅटच्या शेजारणीने वास येतो म्हणून फोन केला. मालक नाशिकला. कुलूप तोडायला पोलीस येईपर्यंत वेळ जाणार. मागच्या गच्चीवरून त्यांच्या स्वयंपाकघराची काचेची खिडकी दिसत होती. हा किरण साध्या काचेतून आरपार जातो. आतल्या पांढऱ्या टाइल्सवर नेम धरला. आधी स्टीलच्या डब्यांवर पडला, उजेड भलतीकडे उडाला आणि यंत्राने सिग्नल नाही म्हणून सांगितलं. दोन इंच डावीकडे सरकवला आणि ९०० च्या वर. बाहेरची चावी बंद केली, इमारत रिकामी केली, मग दार उघडलं. शेगडीच्या एका बर्नरची कळ अर्धवट फिरलेली. निघायच्या घाईत दुधाचं पातेलं उचलताना पदर अडकला असणार, असं मालकीणबाई स्वतःच म्हणाल्या.

दुसरा प्रसंग खास बडोद्याचा. विश्वामित्रीवरच्या एका पुलाला खालून पाइप टांगलेला. काठावर उतरून पाइपाजवळ जायचं ठरलं. जोडीदार चार पावलं उतरला आणि तसाच उलटा वर आला. खाली मगर ऊन खात पडली होती. मग काठावरूनच पुलाच्या तुळईवर लेसर मारत जोड न् जोड तपासला. मगरीने मान वळवून हिरवा ठिपका पाहिला, तेवढीच तिची करमणूक.

भौतिकवाला
यावरून त्याची मर्यादाही लक्षात आली असेल. मागे काहीतरी हवं. तुळई होती म्हणून जमलं, पाइपाच्या मागे मोकळं आकाश असतं तर किरण गेला तो गेला. पाण्यानेही गोची होते, ओल्या रस्त्यावरून फार कमी उजेड परत येतो.

पायी पायी
आणि वारा. वाऱ्यावर ढग विरून जातो. म्हणून एकदा शून्य आलं की शून्य, असं आम्ही मानत नाही. वाऱ्याच्या उलट बाजूने, दोन-तीन कोनांतून मारायचं. नेम सरकवताना आकडा कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते बघत बघत उगमाशी पोचायचं. शेवटचा वीतभर मात्र काकूंचा साबणच. लेसर जागा दाखवतो, फुगा जोड दाखवतो.

मांजलपूरची सुलभा
ऐकलंत ना सगळ्यांनी. दोन रुपये.

खारीवाव
मंडळी, चार दिवस गायब होतो, माफी. आता पूर्ण हकीकत.

पायी पायी यांनी सांगितलं तसं पुन्हा तक्रार केली आणि सकाळी सहाचीच वेळ हवी म्हणून हटून बसलो. फोनवरच्या बाईंनी तीनदा विचारलं, "सवारे छ वागे?" शुक्रवारी खरंच दोघं आले, त्यातला एक वयस्कर, डोक्याला मफलर. वास होता. बारक्याने लेसर मारला. वरपासून खालपर्यंत, मागच्या बाजूला कबुतरांच्या जाळीतून पाइपावरसुद्धा. आकडा दहा, अकरा, नऊ. मी म्हटलं, वास येतोय की नाही तुम्हाला? मफलरवाले म्हणाले, "आवे छे ने, एटले तो."

मग रस्त्यावर पाइपाच्या वाटेने त्यांनी सळईने चार भोकं पाडली आणि त्यात नळी घालून पाहिलं. चारही कोरडी. गटाराच्या झाकणावर पुन्हा आकडा आला, तीनशेच्या आसपास. ते म्हणाले, तो गटाराचा स्वतःचा, महानगरपालिकेला सांगा.

त्यानंतर मफलरवाल्यांनी पिशवीतून दुसरंच यंत्र काढलं. जुनाट पिवळा डबा, त्याला लांब नळी. ते चक्क उकिडवे बसले आणि नळीचं टोक पायऱ्यांखालच्या अंधाऱ्या खबदाडाशी, जमिनीला टेकवून धरलं. काही नाही, काही नाही, आणि मग डबा टीं टीं करायला लागला. एलईएलचे ६ टक्के. मी घाबरून मागे सरकलो तर म्हणाले, हवेत ६ टक्के गॅस नाही काका, पेटायला जेवढा लागतो त्याचे शंभर भाग केले तर त्यातले सहा. पण इथे दिवा लावू नका.

खबदाडाला लाकडी फळी लावलेली. ती सरकवली. आत दोन निळे सिलिंडर, दुकानाचे, १९ किलोवाले. दुकानात जागा नाही म्हणून शेव उसळवाल्याने जिन्याखाली ठेवलेले आणि भिंतीत भोक पाडून नळी आत नेलेली. नळी साधी रबराची, रेग्युलेटरपाशी उन्हात वाळलेल्या चपलेसारखी तडकलेली. मफलरवाल्यांनी आधी दोन्ही सिलिंडरच्या चाव्या घट्ट फिरवल्या. तड कुठवर गेलीय ते बघायला साबण मागितला. मी वर पळत गेलो आणि आईने वाटी दिली. नळीत उरला होता तेवढ्या गॅसने एकच फुगा आला, लिंबाएवढा, फुटला आणि पुन्हा आला नाही.

रात्री शटर बंद, जिन्याचं दार बंद, गॅस पायऱ्यांपाशी साचत राहायचा. सकाळी वर्दळ झाली की ओसरायचा. म्हणजे पंधरा दिवस आम्ही नळाच्या गॅसवाल्यांना बोल लावत होतो आणि वास त्यांचा नव्हताच.

पायी पायी
मफलरवाल्यांना माझा नमस्कार सांगा. पिवळा डबा अजून जवळ बाळगणारी माणसं कमी राहिलीत. त्या डब्याला कुठलाही जळणारा वायू चालतो, म्हणून त्याने पकडलं. नवीन पोरं लेसर घेऊन निघतात आणि डबा जड म्हणून गाडीत ठेवतात. आमच्या टीममध्ये माझ्यावरही हा आरोप आहे.

नळी बदलली का? नारिंगी जाडवाली घ्यायला लावा, आत तारेची जाळी असलेली, आणि तीही पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर तिथून हलले का हे जास्त महत्त्वाचं.

खारीवाव
हलले. भांडण झालं थोडं. त्याचं म्हणणं, आठ वर्षं तिथेच आहेत, कुणी काही बोललं नाही. आठ वर्षं! आम्ही मुलांच्या सायकली त्या फळीला टेकवून ठेवायचो. शेवटी मागच्या उघड्या चौकात जाळीचा पिंजरा करून त्यात ठेवलेत. सोसायटीने यंत्र विकत घ्यायचा विषय रद्द केला. त्याऐवजी प्रत्येक घरी एकेक प्लगवालं अलार्म, छताजवळ. आईच्या खोलीतलं लावून झालं. परवा तिने बाम उघडला आणि ते वाजलं. ती म्हणाली, वास नाही तर नाही, बाम खरा आहे एवढं तरी कळलं.

इंदुरी पोहा
आमचंही कपाटातून बाहेर आलंय. ओट्याजवळ, जमिनीपासून वीतभर वर.

भौतिकवाला
पुढच्या सत्रात परीक्षेला हाच प्रश्न टाकतो. 'जिन्यात वास आहे, लेसरचा आकडा दहा आहे, कारणे द्या.'

तिरपागडं
सर, उत्तरात 'शेव उसळ' लिहिलं तर किती मार्क?

खवचट पुणेकर
ते सगळं ठीक. दुकान चालू आहे ना? पुढच्या महिन्यात बडोद्याला येतोय, पत्ता द्या.

खारीवाव
चालू आहे. पत्ता देणार नाही. रविवारी आम्हालाच बसायला जागा मिळत नाही.